‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ : दाबलेल्या खर्जाची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या बैठकीत या महिन्यात मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचा १९८८ चा हा अल्बम सलग ऐकायचाय, सगळी ६५ मिनिटं. गेल्या खेपेला तासभर एकाच गोष्टीवरून वाद झाला, म्हणून हे टिपण : यात बेस ऐकू का येत नाही?

आधी शब्दाचा गुंता सोडवू. जेल रोडवरचा दुकानदार ‘बेस जबरदस्त आहे’ म्हणतो तेव्हा तो छातीत बसणाऱ्या दणक्याबद्दल बोलत असतो. अँप्लिफायरवरचा बेसचा नॉब फिरवला की खालच्या पट्टीतलं सगळंच वाढतं, त्यात ड्रमही आले आणि गिटारही. इथे वाद आहे तो बेस गिटार या वेगळ्या वाद्याचा. ते मिक्समध्येच, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र जुळवतानाच, दाबलेलं असेल, तर नॉब कितीही पिळा, हाती काही लागत नाही. आमच्यातल्या एकाने करून पाहिलं. अल्बममधल्या ‘वन’ या गाण्याच्या शेवटी मशीनगनसारखे सुटणारे पायाचे ड्रम तेवढे खिडकीच्या काचा हलवू लागले.

बँडचा आधीचा बेसवादक २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. पुढच्याच महिन्यात नवा माणूस घेतला. १९८८ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा त्याने आपला भाग बाकीचे हजर नसताना, एका सहायकाला सोबत घेऊन वाजवून दिला.

खरा घोळ मिक्सिंगमध्ये झाला. मिक्स करणाऱ्याने पुढे सांगितलं ते असं : ड्रमवादक म्हणाला, बेस जेमतेम ऐकू येईल इतका खाली घे. घेतला. मग म्हणाला, आता आणखी पाच डेसिबल खाली. बँडच्या बाजूने वेगवेगळी कारणं येतात. दौरा चालू होता, कान थकले होते. गिटारचा आवाज मधल्या पट्टीतला भाग कापून खालून इतका भरला होता की बेसला जागाच उरली नाही, त्यात नवा वादक बरेचदा गिटारचीच ओळ वाजवत होता. हे शेवटचं मला पटतं. पण ओळ तीच असली तरी बेसची जाड तार ४१ हर्ट्झवर (सेकंदाला तेवढी कंपनं) बोलते, गिटारची ८२ वर, म्हणजे एक सप्तक वर. वरचा षड्ज आहे म्हणून तानपुऱ्याची खर्जाची तार कुणी उतरवून ठेवत नाही. इंदूर घराण्याच्या गावात हे वेगळं सांगायला नको. मित्र गेल्याचं दुःख मी समजू शकतो, पण त्याची किंमत नव्या माणसाने मोजली, हा अन्यायच.

बाकीचं थोडक्यात. ‘वन’ला १९९० मध्ये ग्रॅमी मिळालं. १९९१ च्या पुढच्या अल्बममध्ये बेस ठणठणीत पुढे आला. चाहत्यांनी घरबसल्या बेस वाढवलेल्या आवृत्त्या काढल्या, त्या आजही फिरतात. २०१८ मध्ये अल्बम नव्याने निघाला, आवाज उजळला, पण मिक्सला हात लावला नाही; ती त्या काळाची नोंद आहे, तशीच राहू द्यायची, अशी बँडची भूमिका.

बैठकीत सुरुवात अर्थात ‘ब्लॅकन्ड’ने. उलटे फिरवलेले गिटारचे थर हळूहळू चढत येतात ना, तेच. अल्बममध्ये नव्या बेसवादकाचं नाव रचनाकार म्हणून आहे, ते याच एका गाण्यावर.