गाण्यातून गायक वजा करताना

स्ट्रीमिंग ॲपमध्ये गाणं लावायचं, माइकच्या चिन्हावर टिचकी मारायची आणि स्लायडर खाली ओढायचा. मूळ गायक मागे सरतो, वाद्यं तशीच वाजत राहतात, पडद्यावर शब्द एकेक करून उजळतात आणि आपण सुरू होतो. 'ॲपल म्युझिक'ने ही सोय 'सिंग' या नावाने डिसेंबर 2022 मध्ये आणली. वापरणाऱ्याला वाटतं, ॲपने गायकाचा आवाज तेवढा बारीक केला. पण बारीक करायला तो आवाज आधी वेगळा हाती असावा लागतो, आणि ॲपकडे आलेल्या गाण्यात तो वेगळा नसतोच.

स्टुडिओत गळा, ड्रम, बास, गिटार यांचे ट्रॅक स्वतंत्र असतात. मिक्सिंग झालं की उरतात फक्त दोन प्रवाह, डावा आणि उजवा. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक प्रवाहात सेकंदाला 44,100 आकडे असतात आणि त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी वाजणाऱ्या सगळ्यांची मिळून झालेली बेरीज. बेरीज 7 आली एवढंच सांगून कोणी मूळ आकडे विचारले, तर 3 आणि 4 सांगायचे की 9 आणि उणे 2? निव्वळ गणितात याला एकच एक उत्तर नाही. फोन तरीही उत्तर देतो, गाणं चालू असतानाच देतो, आणि ते बऱ्यापैकी बरोबर असतं. म्हणजे तो मोजत नाही, अंदाज बांधतो.

सुरुवातीच्या कराओके यंत्रांना ही कटकट नव्हती. जपानमधल्या कोबेमध्ये दाइसुके इनोउए यांनी 1971 मध्ये यंत्र तयार केलं, त्यात गायकाविना वाजवलेली साथच ध्वनिमुद्रित केलेली होती. (त्यांनी पेटंट घेतलं नाही. 2004 मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे नोबेलची गमतीदार नक्कल असलेला पुरस्कार मिळाला, तोही शांततेचा: लोकांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखवल्याबद्दल!)

तयार गाण्यातून आवाज काढायची जुनी युक्ती साधी होती. मुख्य गायक बहुतेक वेळा बरोबर मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. उजव्यातून डावा वजा केला की तो नाहीसा होतो. पण बास आणि ड्रमचा खालचा ठोकाही सहसा मधोमधच असतो, त्यामुळे गायकाबरोबर गाण्याचा पायाच जातो. आवाजाला दिलेला घुमारा मात्र दोन्ही बाजूंना वेगवेगळा पसरलेला असल्याने मागे राहतो. आणि जुनं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच ध्वनी असलेलं ध्वनिमुद्रण असेल, तर वजाबाकीनंतर उरते शुद्ध शांतता.

आजची पद्धत गाण्याला चित्र समजते. ध्वनीचे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकात कोणती कंपनं किती जोरात आहेत ते मांडायचं. आडवा अक्ष काळाचा, उभा अक्ष कंपनांचा, आणि दोन्ही जिथे छेदतात ती एक चौकट. फ्रान्सच्या 'डीझर' या स्ट्रीमिंग कंपनीने 2019 मध्ये 'स्प्लीटर' हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. त्यात एक तुकडा 4,096 आकड्यांचा, म्हणजे सुमारे 93 मिलिसेकंदांचा असतो आणि पुढचा तुकडा 1,024 आकडे सरकून घेतला जातो.

या चित्रात प्रत्येकाची ठेवण निराळी दिसते. गायकाने 220 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 220 कंपनांवर 'आ' लावला तर 220, 440, 660, 880 अशा समांतर रेघांची शिडी उमटते, आणि आवाजात कंप असेल तर सगळ्या रेघा एकाच वेळी, एकाच लयीत लहरतात. कीबोर्डचा लांबवलेला सूर सरळ आडव्या रेघा काढतो. ड्रमचा ठोका म्हणजे उभा फटकारा. मुख्य म्हणजे चित्रातल्या बऱ्याचशा चौकटींत कोणीतरी एकच जण वरचढ असतो. अशक्य वाटणारी वजाबाकी शक्य होते ती यामुळे.

मग उरतं चित्रात कोणता भाग कोणाचा हे ओळखणं. त्यासाठी वापरलं गेलेलं 'यू-नेट' नावाचं न्यूरल नेटवर्क (उदाहरणं पाहून शिकणारी संगणकीय रचना) मुळात 2015 मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींच्या कडा आखण्यासाठी तयार झालं होतं. 2017 मध्ये संशोधकांनी ते गाण्याच्या चित्रावर चालवलं आणि ते तिथेही चाललं. ज्यांचे सुटे ट्रॅक उपलब्ध आहेत अशी गाणी त्याला दाखवून शिकवतात. संशोधनात सर्रास वापरला जाणारा 'एमयूएसडीबी18' हा संच जेमतेम 150 गाण्यांचा, सुमारे 10 तासांचा आहे. शिकलेलं नेटवर्क प्रत्येक चौकटीला 0 ते 1 मधला आकडा देतं: इथे गळ्याचा वाटा किती.

फसतं कुठे, ते 'स' आणि 'श' ऐकून कळतं. 'आ'ची शिडी ओळखू येते, पण 'स'ला शिडीच नसते. ती असते वरच्या कंपनांतली नुसती सळसळ, आणि ड्रमसेटमधल्या झांजेची सळसळही तिथेच असते. त्यामुळे गायक निघून गेला तरी त्याचे 'स' मागे राहतात, किंवा उलट झांजेचा तुकडा त्याच्याबरोबर जातो. घुमाऱ्याची शेपटी आणि कोरसही असेच चकवतात. त्यात हा आकडा चौकटीतला जोर तेवढा ठरवतो. लहर नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे ही माहिती अनेक पद्धती मिश्रणातूनच उसनी घेतात. वेगळ्या केलेल्या ट्रॅकवर कधीकधी पाण्याखालून आल्यासारखा जो गुळगुळाट ऐकू येतो, त्यात या उसनवारीचा हात असतो.

'सिंग'चा स्लायडर तळाशी नेला तरी मूळ आवाज पुसटसा राहतो. अनेकांना हे अपुरं वाटलं. मला ते शहाणपणाचं वाटतं. मूळ गाण्यातून अंदाजे आवाज जितका कमी वजा कराल, तितकी अंदाजातली चूकही कमी वजा होते, आणि उरलेला बारीक आवाज बाकीचे व्रण झाकतो. शिवाय नवशिक्याला सूर धरायला आधार मिळतो तो वेगळाच.

शब्दांचं गणित वेगळं आहे. गीताचा मजकूर आधीच हाती असतो. शोधायचं असतं ते प्रत्येक अक्षर कधी सुरू होतं एवढंच. संगणक दर क्षणी कोणता उच्चार ऐकू येण्याची शक्यता किती ते मांडतो आणि मजकुराचा क्रम न मोडता सगळ्यांत जुळणारा मार्ग निवडतो. बोलताना हे सोपं आहे. गाताना एकच स्वर चार सेकंद ताणला जातो, त्याच्या पोटात तान येते. इथे वाद्यांपासून वेगळा केलेला आवाज कामी येतो, कारण ड्रमच्या गदारोळात व्यंजनाची सुरुवात सापडणं अवघड असतं.

आणि एवढं सगळं जमल्यावर घोळ होतो तो बहुतेकदा ब्लूटूथमुळे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे सुमारे साडेतीन मीटरवरून आलेल्या आवाजालाही जेमतेम 10 मिलिसेकंदांचा उशीर होतो. वायरलेस हेडफोनमध्ये मात्र 100 ते 200 मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. नुसतं गाणं ऐकताना तो जाणवत नाही, कारण सगळंच सारखं उशिरा येतं आणि शब्दांचं उजळणं तेवढंच मागे ढकलता येतं. पण माइकमधून गेलेला स्वतःचा आवाज हेडफोनमधून परत येत असेल, तर पंचाईत होते. स्वतःचं बोलणं सुमारे 200 मिलिसेकंद उशिरा कानावर पडलं की माणूस अडखळतो, अक्षरं लांबवतो. हा परिणाम 1950 पासून प्रयोगांत नोंदलेला आहे. गाण्यात ताल सुटतो आणि दोष गळ्याला दिला जातो. अशा वेळी वायरचा हेडफोन लावावा, नाहीतर हेडफोनमध्ये फक्त साथ ठेवून एक कान मोकळा सोडावा, म्हणजे आपला आवाज आपल्याला थेट ऐकू येतो.