फिजिओथेरपी क्षेत्रातला अपंगत्वाकडे बघण्याचा दृष्टिकोन

फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि प्रॅक्टिस करणारे फिजिओ अपंगत्व म्हणजे नेमकं काय समजतात, समोरच्याकडे नुसता पेशंट म्हणून बघतात की संसार, नोकरी, कटकटी असलेला माणूस म्हणून, यावर जगभरात बरीच वर्षं अभ्यास चालू आहे. ज्यांचं कामच हे, त्यांची नजर चांगलीच असणार असं आपण धरून चालतो, पण प्रकरण एवढं सरळ नाहीये.

आपल्याकडे हा पेशा पोलिओच्या काळात उभा राहिला. मुंबईत केईएम हॉस्पिटलला १९५३ मध्ये फिजिओथेरपीचं स्कूल निघालं, मग १९५५ मध्ये हाजीअलीची पुनर्वसन संस्था आली, आणि तेव्हाचा सगळा रोख एकच, पोराला कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या सळ्या-पट्टे) लावा, उभं करा, चालवा. याला मेडिकल मॉडेल म्हणतात, म्हणजे दोष शरीरात आहे आणि तो दुरुस्त करायचा. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या यूपीआयएएस या अपंगांच्याच संघटनेने हे उलटं केलं, त्यांचं म्हणणं शरीरातली उणीव वेगळी आणि अपंगत्व वेगळं, जिना बांधून रॅम्प न बांधणारा समाज माणसाला अपंग करतो. पुढे माईक ऑलिव्हर यांनी याला सोशल मॉडेल हे नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आयसीएफ, म्हणजे शरीर, रोजची कामं आणि समाजातला सहभाग एकत्र बघणारी वर्गीकरणाची पद्धत, आणून दोन्हीची सांगड घातली. आता बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीची, पोरं केस प्रेझेंटेशनला आयसीएफचा तक्ता भरतात खरी, पण शरीराचा रकाना सांध्यांची रेंज, स्नायूंचा टोन, एमएमटीच्या (स्नायूंच्या ताकदीच्या) ग्रेडने गच्च भरलेला आणि पार्टिसिपेशनच्या, म्हणजे सहभागाच्या, रकान्यात बऱ्याचदा एकच ओळ, "घराबाहेर जात नाही".

नजर कुठे लपलेली असते ते बघायचं तर पेशंट रोजची कामं स्वतः किती करतो ते मोजणारा बार्थेल इंडेक्स घ्या, १९६५ चा, आजही वॉर्डात रोज वापरतात. दहा गोष्टी, एकूण १०० मार्क. यात स्वतःच्या पायाने चालणाऱ्याला १५, कुणाचा हात धरून चालणाऱ्याला १० आणि व्हीलचेअर एकट्याने सगळीकडे फिरवणाऱ्याला ५. म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून चाललं तरी चालेल पण चाक नको! जिन्याचे १० मार्कही त्याचे जातात, त्यामुळे व्हीलचेअरवरचा माणूस स्वतःचं सगळं करत असला, ऑफिसला जात असला तरी ८० च्या वर जात नाही. आणि दुसरीकडे खाली बसणं या इंडेक्समध्ये नाहीच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एखाद्या आजींना १०० पैकी १०० पडतात आणि घरी गेल्यावर विळीवर बसता येत नाही, पंगतीला मांडी घालता येत नाही म्हणून त्या रडतात, त्यांच्या हिशोबाने अपंगत्व तिथे सुरू होतं.

दृष्टिकोन मोजायला एक जुनी आणि गाजलेली स्केल म्हणजे १९६० ची एटीडीपी (अ‍ॅटिट्यूड्स टुवर्ड डिसेबल्ड पर्सन्स), विधानं वाचायची आणि किती पटतं ते उणे ३ ते अधिक ३ मध्ये सांगायचं. पण "योग्य उत्तर" काय ते विद्यार्थ्याला कळतंच, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कळतं तसं. म्हणून मग नकळत असलेला कल तपासणाऱ्या टेस्ट आल्या. २०२० मध्ये अमेरिकेत २५ हजारांवर आरोग्य कर्मचाऱ्यांचा असा डेटा तपासला, तोंडी बहुतेकांना कुठलाच पूर्वग्रह नव्हता, टेस्टमध्ये मात्र निघाला. आयुष्याच्या दर्जाबद्दल तर फारच तफावत आहे. १९९४ च्या एका अभ्यासात मणक्याला गंभीर इजा झाली तर जिवंत असल्याचा आनंद वाटेल असं इमर्जन्सीत काम करणाऱ्या फक्त १८ टक्के लोकांना वाटलं, आणि ती इजा खरोखर झालेल्यांपैकी ९२ टक्के लोक म्हणाले आनंदच आहे. हे फिजिओ नव्हते हे खरं, पण हॉस्पिटलची हवा सगळ्यांना तीच लागते.

मग नजर बदलते कशाने? नुसत्या लेक्चरने फारशी नाही. अपंग माणसाशी बरोबरीच्या नात्याने ओळख झाली तर बदलते असं मानतात, आणि क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या ट्रेनिंगमध्ये, नेमकं तेच होत नाही, कारण तिथे एक जण बेडवर आणि दुसरा सांध्याचा कोन मोजायचा गोनियोमीटर घेऊन उभा, शिवाय भेटतो तो माणूस त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट महिन्यात. "सात नंबरचा पॅरा", "ती हेमी" (पॅरा म्हणजे दोन्ही पाय लुळे पडलेला, हेमी म्हणजे शरीराची एक बाजू गेलेली) ही वॉर्डातली भाषा त्यातूनच येते (घाईत सगळेच बोलतात, दुष्टपणा नसतो). सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवरून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, पण विद्यार्थ्याला पेशंटचं हे पुढचं आयुष्य दिसतच नाही, डिस्चार्ज झाला की फाइल बंद. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी कागदावर दिव्यांग शब्द आला, वॉर्डातली बोली मात्र फार हलली नाही.

राहता राहिला अपंग फिजिओ. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांना मसाजचं शिक्षण देऊन हॉस्पिटलात कामाला लावलं आणि तिथे अंध फिजिओथेरपिस्टची परंपराच तयार झाली, हाताने काम करायचं तर बोटांना दिसतंच की. आपल्याकडे अपंग विद्यार्थी फिजिओला यायचं म्हणाला की पहिला प्रश्न, पेशंट उचलणार कसा? आता ९० किलोचा पेशंट एकट्याने कुणीच उचलत नाही, पेशंट सरकवायला स्लायडिंग बोर्ड लागतो, वॉर्डबॉय लागतो, आणि "मामा, जरा इकडून धरा" असं सगळेच म्हणतात.