दीड हजारात सूर: स्वस्त हेडफोनच्या मागची गोष्ट

माझा मामा बोटीवर होता. गोव्यात एवढं सांगितलं की पुढचं ऐकणारा समजून घेतो: नऊ-दहा महिने पत्ता नाही, मग एक दिवस दारात टॅक्सी आणि सोप्यावर उघडलेली भलीमोठी बॅग. ऐंशीच्या दशकातल्या अशाच एका बॅगेतून वॉकमन निघाला. सोबत हेडफोन होता, म्हणजे पत्र्याची एक पातळ पट्टी आणि तिच्या टोकांना काळ्या फोमच्या दोन चकत्या. नाट्यसंगीतावर पोसलेल्या आजोबांनी तो टोपीवरूनच चढवला. मिनिटभराने म्हणाले, “अरे, तंबोरा सुटा ऐकू येतो रे!” घरातल्या टेपरेकॉर्डरवर तीच कॅसेट त्यांनी शंभरदा ऐकली असेल.

तो हेडफोन मामाने वेगळा विकत घेतला नव्हता. खोक्यात वॉकमनबरोबर आला होता. फुकट मिळालेली चकती एवढी चांगली कशी वाजते, हे कोडं मला बरीच वर्षं पुरलं.

मुळात हेडफोन गाण्यासाठी जन्मलाच नाही. १९१० साली अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि नौदलाला विकले. बिनतारी संदेशाची टकटक कळली की झालं. १९३७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने डीटी ४८ हा हेडफोन काढला. आज वापरात असलेल्या बहुतेक हेडफोनांचं तंत्र, म्हणजे चुंबकाजवळ तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा, तिथूनच आलं. तरी तो स्टुडिओवाल्यांचाच राहिला. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉसने एक सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर प्रदर्शनात मांडला. शेजाऱ्याला त्रास नको म्हणून त्याला हेडफोन जोडला होता. लोकांनी प्लेअरकडे ढुंकून पाहिलं नाही, हेडफोनला मात्र रांग लागली. घरात बसून स्टीरिओ ऐकायचा हेडफोन तो हाच.

पण हे सगळे जड होते. कानावर वाट्या दाबून बसायच्या आणि आपल्या हवेत दहा मिनिटांत घाम फुटायचा. यातून सुटका केली ती १९६८ च्या सेनहायझर एचडी ४१४ ने. त्याची पाठ उघडी होती आणि कानाला पिवळा फोम. बंद वाटीत आवाज घुमतो, माठात तोंड घालून बोलल्यासारखा. पाठ उघडी ठेवली की घुमणं जातं, वजनही जातं. १ जुलै १९७९ ला सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला तेव्हा त्याचा हेडफोन जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास होता. हे जमलं समेरियम-कोबाल्टच्या चिमुकल्या पण जबर चुंबकामुळे. चुंबक लहान झाला की पडदा लहान चालतो, पडदा हलका झाला की बारीक सूर त्याला पेलतात. आजोबांना सुटा ऐकू आलेला तंबोरा म्हणजे ही चुंबकाची करामत. त्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय होती, आणि मध्येच बोलायचं तर दाबायला नारिंगी बटण. गाणं एकट्याने ऐकणं तेव्हा उद्धटपणाचं वाटेल अशी धास्ती होती म्हणे!

गोवा सोडून बाकीच्या भारतात हा माल सहज मिळत नव्हता. १९९१ पूर्वी आयातीवर जबर शुल्क असायचं, त्यामुळे चांगला हेडफोन म्हणजे आखातातून किंवा बोटीवरून आलेली वस्तू. गोव्यात अशी माणसं घरोघर. त्यात बुधवारचा हणजुणेचा बाजार. हिप्प्यांनी परतीच्या पैशासाठी आपलं सामान विकायला तो सत्तरच्या दशकात मांडला. तिथे वापरलेला वॉकमन, कॅमेरा, हेडफोन घासाघीस करून मिळायचा. किनाऱ्यावरच्या रात्रभराच्या पार्ट्यांतही तबकड्या न वापरता कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल टेप वाजवत, कारण उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकत नसत. आपल्याकडच्या हवेने विदेशी संगीताचंही यंत्र बदलायला लावलं, ही मला आवडणारी गोष्ट.

१९८४ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावं. नियोडिमियमचे चुंबक त्याच साली जगासमोर आले. अमेरिकेत आणि जपानमध्ये ते स्वतंत्रपणे शोधले गेले, आणि कानात मावणाऱ्या इअरफोनाला पुढे त्यांनीच जीव दिला. आणि त्याच वर्षी कॉसने पोर्टा प्रो काढला, घडी होणारा, दिसायला खेळण्यासारखा. तो आजही जवळपास त्याच रूपात बनतो आणि आजही त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्यांना लाजवतो.

मग बिघडलं कुठे? गाणी मोबाइलवर आली, हेडफोन गळ्यात मिरवायचा दागिना झाला, आणि ठोका म्हणजेच आवाज असं ठरलं. मीही फसलो. एका दुकानात सहा हजारांचा, वर चकचकीत आणि आत भरपूर ‘बास’ असलेला हेडफोन घेतला. घरी येऊन अभंग लावला तर डग्ग्याचा घुमारा गायकाच्या अंगावर बसलेला. शब्द खालून, जाजमाखालून आल्यासारखे. परत द्यायला गेलो तर “सर, बास छान आहे ना?”

कोडं सुटायला लागलं २०१२ च्या सुमारास. हार्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाव-किंमत न सांगता लोकांना हेडफोन ऐकवले आणि कोणता आवाज आवडतो ते मोजलं. निघालं ते अगदी घरगुती: चांगला स्पीकर साध्या खोलीत जसा ऐकू येतो, साधारण तसाच आवाज बहुतेकांना कानात हवा असतो. जाड-बारीक सूर कोणता किती जोरात वाजावा, याची आलेखावर एक रेघ आखली गेली आणि ती सगळ्यांना पाहायला मिळाली. २०१७ मध्ये २८३ हेडफोन मोजणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जाड-बारीक सुरांचा समतोल आणि किंमत यांत त्याला काहीही नातं सापडलं नाही. वीस वर्षं दुकानदार जे सांगत होते ते असं एका आलेखात संपलं.

या रेघेचा खरा फायदा उठवला चिनी कंपन्यांनी. कानात खोचायचे चांगले इअरफोन १९९१ पासून होते, पण शेकडो डॉलरचे. २०२२ मध्ये मूनड्रॉपचा चू आणि सेव्हन हर्ट्झचा झीरो साधारण २० डॉलरला आले, त्याच रेघेच्या आसपास सूर लावून. आपल्याकडे दीड-दोन हजारांत हा वर्ग येतो. वायर मात्र हवी. त्याच पैशात ब्लूटूथ घेतला तर बॅटरी, चिप आणि डबी यांचा खर्च आधी निघतो, पडद्याच्या वाट्याला उरतं ते उरतं. मोबाइलला हेडफोनची वायर खोचायचं भोक नसेल तर हजाराच्या आतबाहेर मिळणारं जोडणीचं बोंडुक, म्हणजे अडॅप्टर घ्यावं.

घेण्याआधी ऐकायचं काय? दुकानातलं ठोक्याचं गाणं नको. तंबोऱ्याची जवारी लावा. ती मधमाशीसारखी गुणगुणत सुटी राहिली पाहिजे, षड्जात विरघळता कामा नये. पेटी नाकात बोलली तर ठेवून द्या. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात गेली. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायच्या असतील तर फार तीक्ष्ण, महागडा हेडफोन उलट खरखरच पुढे आणतो. तिथे पोर्टा प्रोसारखा जरा मऊ बोलणारा बरा.

राहिला पाऊस. नकली चामड्याच्या गाद्या जून-जुलैत पांढऱ्या होतात, दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटून कानशिलावर काळे ठिपके उरतात. कापडाच्या किंवा फोमच्या गाद्या घ्या, त्या बदलता येतात. इअरफोन मी बिस्किटाच्या डब्यात ठेवतो, औषधाच्या बाटल्यांतून साठवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. मामाच्या हेडफोनचा फोम केव्हाच चुरा होऊन गेला. गेल्या वर्षी शंभर रुपयांच्या नव्या चकत्या मागवून चढवल्या. डावी बाजू अधूनमधून जाते, वायर प्लगपाशी जरा पिरगळून धरली की परत येते.