घरोटा, झोका आणि बॅन्डगाडी

खान्देशी गाण्यात 'ळ' शोधायला गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल. डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी, काळी माती कायी होते. जिभेला मुरड घालावी लागत नाही, त्यामुळे सूर न अडखळता पुढे सरकतो. झोक्यावर म्हणायच्या गाण्यांना हे फार मानवतं.

झोक्याची गाणी म्हणजे आखाजीची. अक्षय्य तृतीयेला इथे आखाजी म्हणतात. ऊन रणरणत असतं, शेतं मोकळी पडलेली असतात, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालही याच सुमाराला संपून नवं ठरतं. पेरणीआधीची ही उसंत. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला दोर बांधले जातात आणि गौराईच्या गाण्यांत सासरची गाऱ्हाणी बिनधास्त निघतात. झोका वर जाताना एक ओळ, खाली येताना दुसरी; ठेका वेगळा धरावाच लागत नाही.

घरोट्याचंही तसंच. घरोटा म्हणजे जातं. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना ओव्या सुचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातले काही त्या टिपून ठेवायचे. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली. (त्यांची भाषा सर्रास अहिराणी, म्हणजे खान्देशातली मोठी बोली, म्हटली जाते. खरं तर ती लेवा गणबोली, लेवा समाजाची बोली. खान्देशात हा फरक लोक मनावर घेतात.) विहीर, मोट, नांगर, सुगरणीचा खोपा हे सगळं त्यांच्या रोजच्या पायवाटेवरचं. उपमेसाठी त्यांना शिवार ओलांडावं लागलं नाही.

पश्चिमेकडे, सातपुड्याच्या अंगाला आदिवासींचा ढोल आणि पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य. त्यांची घडण निराळी, तो स्वतंत्र विषय.

पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली, घरोटा जिन्याखाली गेला आणि पहाटेची गाणी त्याच्यासोबत गेली. अहिराणी गाणं मग वरातीत शिरलं. बॅन्डगाडीवर कीबोर्ड, भोंगे, पुढे नाचणारी पोरं. इथे लांबलचक ओवी कोण ऐकणार? ध्रुवपद आखूड झालं, लय दुप्पट झाली. जुन्या जाणत्यांना हे रुचत नाही; मला त्यात तीच जुनी रीत दिसते. जातं फिरेल तशी ओवी चालायची, आता नाचणाऱ्यांचे पाय पडतील तसं गाणं चालतं. आणि गाडीवरचा गाणारा माईक हातात घेतल्यावर आधी खाली वाकून विचारतो, "नवरदेव कोन्ता गावना शे?" मग पुढच्या कडव्यात त्या गावाचं नाव येतं.