किरणोपचार लागू पडतोय का? पेशींना विचारण्याचा इतिहास

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे किरणोपचार, सुरू झाला की चार-दोन आठवड्यांत घरचे विचारतातच, "गुण येतोय का?" डॉक्टर बोटांनी तपासून सांगतात, हल्ली एमआरआय काढून सांगतात. पण गाठ आकसायला वेळ लागतो. त्याआधी पेशींकडूनच उत्तर काढता येईल, ही आशा निदान ऐंशी वर्षं जुनी आहे. हा अवयव त्यासाठी सोयीचा: तो डोळ्यांना दिसतो, त्याचा तुकडा काढता येतो, नुसतं खरवडूनही पेशी मिळतात. स्वादुपिंडाच्या गाठीपाशी दर आठवड्याला कोण पोचणार?

रेडियम १८९८ मध्ये सापडलं आणि १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मार्गारेट क्लीव्हज यांनी ते या कॅन्सरवर वापरलंही. पुढे स्टॉकहोम, पॅरिस आणि मँचेस्टर इथे उपचाराच्या पद्धती बसल्या, डोसाचा हिशेब पक्का झाला. पण त्याच डोसाने एका बाईची गाठ विरघळते आणि दुसरीची तशीच राहते, ते का, हे त्या हिशेबात नव्हतं.

१९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये आल्फ्रेड ग्लुक्समन आणि एफ. जी. स्पिअर यांनी उपचारापूर्वी आणि उपचार चालू असताना पुन्हा पुन्हा तुकडे घेतले आणि गाठीतल्या पेशी चार गटांत मोजल्या: स्वस्थ बसलेल्या, विभाजन चालू असलेल्या, पक्व होत चाललेल्या आणि मरू लागलेल्या. पहिल्या दोन गटांतल्या पेशी घटून नंतरच्या दोन गटांतल्या वाढल्या, तर लक्षण चांगलं.

त्याच सुमारास बोस्टनच्या व्हिन्सेंट मेमोरियल रुग्णालयात रूथ ग्रॅहम यांनी दुसरीच वाट धरली. पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांचा योनीस्रावातल्या पेशींवरचा निबंध १९४१ मध्ये आलेला होता, त्यामुळे काचपट्टीवर पेशी तपासणं नवं नव्हतं. ग्रॅहम यांनी मोजल्या त्या मात्र कॅन्सरच्या पेशी नव्हेत, शेजारच्या निरोगी पेशी. किरणांमुळे त्या फुगतात, त्यांच्यात पोकळ्या पडतात, एकाच पेशीत अनेक केंद्रकं दिसतात. हे बदल जिच्यात भरपूर, तिचा उपचार यशस्वी होण्याची शक्यता जास्त, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे यश केवळ गाठीच्या स्वभावावर नाही, त्या बाईच्या शरीराच्या प्रतिसादावरही अवलंबून. मला या सगळ्या इतिहासात हीच कल्पना सर्वांत धीट वाटते. पण ती टिकली नाही. इतर केंद्रांत तेच निष्कर्ष खात्रीने निघेनात. कोणती पेशी 'बदललेली' मानायची हे बरंचसं बघणाऱ्याच्या नजरेवर होतं.

अडचण त्याहून खोल होती, आणि ती उघड झाली याच कॅन्सरच्या पेशींवर. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्यावर रेडियमचे उपचार झाले, त्या वेळी त्यांच्या गाठीचा तुकडा त्यांना न विचारता घेतला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या. पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. त्याच हेला पेशी. १९५६ मध्ये कोलोरॅडोत पक आणि मार्कस यांनी त्यांना क्ष-किरण देऊन, किती पेशी नवी वसाहत, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला पेशींचा पुंजका, तयार करू शकतात ते मोजलं. किरण लागलेल्या कित्येक पेशी मेलेल्या दिसत नव्हत्या, उलट अवाढव्य फुगून जगत होत्या. पण त्यांच्यापासून वसाहत वाढत नव्हती. गाठीच्या दृष्टीने त्या संपल्याच. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत दिसणारी पेशी खरोखर कामातून गेली आहे की नाही, ते नुसत्या नजरेने ठरत नाही.

हे तत्त्व रुग्णांपर्यंत आणलं ते मँचेस्टरमध्ये कॅथरिन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९० च्या दशकात. उपचारापूर्वीच्या तुकड्यातल्या पेशींना २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं एकक) किरण देऊन किती टक्के वसाहती उरतात ते त्यांनी पाहिलं. जास्त उरल्या, तर त्या बाईच्या बाबतीत उपचार फसण्याचा धोका जास्त. निष्कर्ष चांगला, पण वसाहती वाढायला आठवडे लागत आणि काही नमुने प्रयोगशाळेत वाढतच नसत. बाहेरून दिला जाणारा शेक साधारण पाच आठवड्यांचा. उत्तर हाती येईपर्यंत उपचाराचा मोठा भाग उरकलेला असणार.

म्हणून मधली वाट निघाली सूक्ष्मकेंद्रकांची. किरणांनी गुणसूत्र तुटलं की विभाजनाच्या वेळी तो तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर राहतो आणि पेशीत एक छोटा ठिपका दिसतो. तो मोजायला वसाहत लागत नाही, खरवडलेल्या पेशी पुरतात. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमध्ये १९९० च्या दशकात तोंडाच्या कॅन्सरसाठी हेच केलं गेलं: उपचार चालू असताना ठरावीक दिवसांनी पेशी घेऊन ठिपके कसे वाढतात ते पाहणं. गर्भाशयमुखावरही भारतात असे अभ्यास झाले. जिथे महागडं स्कॅनिंग सगळीकडे नाही, तिथे काचपट्टी आणि रंग यांवर भागणारी पद्धत आकर्षक वाटणारच. तरीही डोस ठरवण्यासाठी ती नेहमीच्या वापरात आली नाही. गाठीचे सगळे भाग सारखे नसतात. आत प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणांना जास्त दाद देत नाहीत, आणि खरवडून येतात त्या वरच्याच.

१९९९ मध्ये किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देण्याच्या बाजूने अमेरिकेत एकापाठोपाठ चाचण्यांचे निकाल आले. मुंबईच्या टाटा मेमोरियलने तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर केलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिनेही तोच कौल दिला. उपचार बदलला, गुण किती आला हे पाहायचं मुख्य साधन आता एमआरआय आहे.

ग्रॅहम यांची पेशींची वर्णनं मात्र वेगळ्याच कामी येतात. शेक संपल्यावरही फुगलेल्या, पोकळ्या पडलेल्या पेशी कित्येक वर्षं पॅप तपासणीत (गर्भाशयमुखाच्या खरवडलेल्या पेशींच्या तपासणीत) दिसत राहतात, आणि रुग्णाला शेक मिळाला आहे हे फॉर्मवर लिहिलेलं नसेल, तर पेशी तपासणारा त्यांना उलटलेला कॅन्सर समजण्याचा धोका असतो.