विकिपीडियावर निधनाची नोंद: कोणी करावी, कोणता पुरावा लागतो

२३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विक्रम गोखले गेल्याची बातमी पसरली. अनेक माध्यमांनी ती चालवली, नामवंतांनी श्रद्धांजलीही वाहिली. दुसऱ्या दिवशी कुटुंबीयांनी सांगितलं की प्रकृती चिंताजनक आहे, पण ते हयात आहेत. त्यांचं निधन झालं २६ नोव्हेंबरला. धर्मेंद्र यांच्याबाबतीत ११ नोव्हेंबर २०२५ ला हेच घडलं. ते गेले २४ तारखेला. रुग्णालयात जिवाची झुंज चालू असताना जगभर वाचल्या जाणाऱ्या ज्ञानकोशात मृत्युदिनांक दिसणं घरच्यांसाठी किती क्रूर असेल! म्हणून नोंद करण्याआधी पुढची माहिती जरूर वाचा.

पात्रता : शुल्क नाही, अर्ज नाही. बहुतेक पानं कोणीही संपादित करू शकतं. मात्र अफवा उसळली की प्रचालक (विशेष अधिकार असलेले सदस्य) पान अर्धसुरक्षित करतात, म्हणजे नवख्यांना ते संपादित करता येत नाही. मग इंग्रजी विकिपीडियावर किमान ४ दिवस जुनं खातं आणि १० संपादनं लागतात. तुमचं खातं त्यात बसत नसेल, तर चर्चा पानावर (लेखाला जोडलेल्या, संपादकांच्या चर्चेच्या पानावर) संदर्भासह विनंती लिहा, दुसरा सदस्य बदल करतो.

पुरावा : खरी मेख इथेच आहे. नोंदीला प्रकाशित, विश्वासार्ह संदर्भ हवा. व्हॉट्सॲपवरचा मजकूर, चाहत्यांची पानं, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असलेली बातमी यातलं काहीही चालवू नका. मोठ्या नेत्याचं श्रद्धांजलीचं ट्वीटही पुरेसं नाही, कारण नेतेही बातमी वाचूनच लिहितात. दहा संकेतस्थळांवर तीच बातमी दिसली तरी ती एकाच ठिकाणाहून उचललेली असू शकते. म्हणून मुळात कोणी सांगितलं, ते शोधा. कुटुंबीय किंवा रुग्णालय यांनी नावानिशी दिलेली माहिती आणि ती स्वतंत्रपणे तपासलेली किमान दोन वृत्तं असावीत, असं मला वाटतं. व्यक्तीचं अधिकृत खातंसुद्धा एकटं पुरत नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला अभिनेत्री पूनम पांडे यांच्या इन्स्टाग्राम खात्यावरूनच त्यांच्या मृत्यूची घोषणा झाली, माध्यमांनी ती छापली आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः समोर आल्या.

मृत्यूचा दाखला अपलोड करू नका. त्यात पत्त्यासारखा खाजगी तपशील असतो, आणि विकिपीडियाला हवा असतो तो वाचकाला स्वतः तपासता येईल असा प्रकाशित संदर्भ. मृत्यूच्या कारणासाठी वेगळा संदर्भ लागतो. तो नसेल तर कारण लिहूच नये. हयात व्यक्तींच्या चरित्रांबाबतचं कडक धोरण नुकत्याच गेलेल्यांनाही लागू असतं. पुरावाच नसेल आणि जन्माला ११५ वर्षं उलटलेली नसतील, तर इंग्रजी विकिपीडिया व्यक्ती हयात आहे असंच धरून चालतो.

नोंद करताना : आधी पानाचा इतिहास आणि चर्चा पान बघा, कोणी तोच बदल उलटवला असेल तर कारण तिथे सापडेल. मग माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूच्या तपशिलांच्या चौकटीत) मृत्युदिनांक आणि ठिकाण, प्रस्तावनेत तारीख, लगेच संदर्भ द्या, शेवटी ‘हयात व्यक्ती’सारखा वर्ग बदला. संपादन सारांशात (बदलाची थोडक्यात नोंद करण्याच्या रकान्यात) स्रोताचं नाव लिहा. विकिडेटावरची (विकिपीडियाच्या सगळ्या भाषांच्या सामायिक माहितीसाठ्यावरची) तारीख संदर्भाशिवाय मुळीच भरू नका, कारण अनेक भाषांतल्या माहितीचौकटी तिथूनच ती उचलतात.

चुकीची नोंद दिसली तर : ताबडतोब उलटवा, चर्चा पानावर लिहा, प्रचालकांना कळवा. २० जानेवारी २००९ ला ओबामांच्या शपथविधीनंतरच्या भोजनात अमेरिकी सिनेटर एडवर्ड केनेडी कोसळले आणि विकिपीडियाने काही काळ त्यांना, तसंच सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनाही, मृत दाखवलं. दोघेही हयात होते. त्यानंतर विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी नव्या सदस्यांचे बदल तपासूनच दाखवावेत, असा आग्रह धरला.

कुटुंबीयांना स्वतः तक्रार करायची असेल, तर पान संपादित करता आलंच पाहिजे असं नाही. विकिपीडियाच्या ‘संपर्क’ पानावरून ईमेल पाठवता येतो, तो स्वयंसेवकांचा गट वाचतो. पानाचा दुवा आणि नेमकं चुकीचं वाक्य त्यात जरूर द्या.