एस्टिमेट आणि कोटेशन : तांबं महागलं तर जादा पैसे कोणी भरायचे?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घराचं काम काढलं की वायरमनला पहिलं सांगणं असतं, "कोटेशन देऊन ठेवा." तो प्लॅन बघतो, पॉइंट मोजतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक आकडा टाकतो. पुढे वायर ओढायची वेळ येते तोवर भाव चढलेला असतो आणि भांडण लागतं. मालक म्हणतो, "तुम्ही कोटेशन दिलंय." कंत्राटदार म्हणतो, "तो अंदाज होता." कागद एकच, आणि तो कसला आहे हे देतानाच ठरलेलं नसतं.

एस्टिमेट सगळ्यांना कळतं. खर्च साधारण कुठवर जाईल याचा अंदाज. बँकेत कर्जाच्या फाइलीला जोडतात तेच. त्यावर फार बोलायला नको.

किरकोळ फरकही उरकून टाकतो. लेटरहेड, शिक्का, जीएसटी नंबर यांनी एस्टिमेटचं कोटेशन होत नाही. आकडा पैशापर्यंत लिहिला म्हणून होत नाही. आणि साध्या वहीच्या पानावर "एवढ्या रकमेत एवढं काम करून देतो" असं लिहून सही केली, तर ते कोटेशनच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तरी तेच.

माणसं फसतात ती पुढच्या गोष्टीत. एस्टिमेट कच्चं आणि कोटेशन पक्कं, एवढंच डोक्यात असतं. खरा फरक असा की कागद दिल्याच्या दिवसापासून माल घेण्याच्या दिवसापर्यंत जो भाव वाढेल तो कोणाच्या खिशातून जाणार, हे त्या कागदावर ठरतं. एस्टिमेट असेल तर मालकाच्या. कोटेशन मालकाने मुदतीत मान्य केलं असेल तर कंत्राटदाराच्या. भाव उतरला तरी हाच नियम : मान्य झालेल्या कोटेशनमधून मालकाला एक रुपया कमी करून मागता येत नाही. हे मालकांना पटत नाही, पण वाढीचा धोका ज्याने उचलला, उतरणीचा फायदाही त्याचाच.

आपल्याकडे ही मधली मुदत लांब असते. खानापूर भागात पावसाच्या आधी स्लॅब टाकायची घाई. त्यात पाइप टाकून ठेवायचे. मग पाऊस, नंतर गिलावा, आणि वायर ओढायला दिवाळी उलटून जाते. म्हणजे मे महिन्यातल्या भावावर दिलेला शब्द हिवाळ्यात पाळायचा.

तेवढ्यात काय होतं ते वायरच्या एका कॉइलवर, म्हणजे गुंडाळीवर, बघा. अडीच चौरस मिलिमीटरची ९० मीटर कॉइल घेतली तर तिच्यात साधारण दोन किलो तांबं असतं. तांबं किलोमागे १०० रुपयांनी वाढलं की त्या कॉइलला तांब्याचेच २०० रुपये जादा, वर १८ टक्के जीएसटी धरून २३६. चार चौरस मिलिमीटरच्या कॉइलला सव्वातीन किलोच्या आसपास तांबं लागतं, तिथे वाढ आणखी. आता आपल्या घराच्या कॉइली मोजा.

हा भाव बेळगावच्या मारुती गल्लीतल्या दुकानदाराच्या हातात नाही. तांब्याचा दर लंडनच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो. मार्च २०२० मध्ये टनाला ५,००० डॉलरच्या खाली गेलेलं तांबं मे २०२१ मध्ये १०,००० च्या वर होतं आणि मे २०२४ मध्ये ११,००० च्याही वर गेलं. २०१८ साली तुतिकोरिनचा तांब्याचा कारखाना बंद पडल्यापासून आपल्याला शुद्ध तांबं बाहेरून जास्त आणावं लागतं, त्यामुळे रुपया घसरला तरी वायर महागते. कोल्हापुरात स्वस्त मिळेल म्हणून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, जीएसटी सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे.

"एवढा भाव वाढला, आता कायदाच सोडवेल," असं काही कंत्राटदार धरून चालतात. तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कोटेशन हा प्रस्ताव आहे. मालकाची मान्यता येण्याआधी तो मागे घेता येतो, नंतर नाही. त्यात मुदत लिहिली असेल तर ती संपल्यावर प्रस्तावही संपतो. लिहिली नसेल तर "वाजवी काळ" किती, यावर वाद घालत बसायचं. मान्यता दिल्यानंतर भाव चढला तर? लष्कराला तूप पुरवणाऱ्या अलोपी प्रसाद कंपनीने युद्धकाळात खर्च वाढला म्हणून ठरल्यापेक्षा जादा दर मागितला होता. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भाव अनपेक्षित वाढला एवढ्याने करारातून सुटका नाही.

म्हणूनच कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात "दर बदलू शकतात" छापणाऱ्यांचा मला राग येतो. कुठला दर, कुठल्या आकड्यापासून, किती, काहीच नाही. वर कोटेशन म्हणायचं आणि खाली एस्टिमेट करून ठेवायचं, ही मालकाची फसवणूक आहे. पण सहा महिने जुन्या कोटेशनवर कंत्राटदाराला अडवून धरणारा मालकही स्वतःचंच नुकसान करतो. तोट्यात गेलेला माणूस कुठेतरी भरून काढतोच : अडीचच्या जागी दीडची वायर, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. भिंतीत गेल्यावर ती दिसत नाही. गिझर लावल्यावर तापते. कॉइलवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा वायरच्या मानकाचा आकडा स्वतः बघून घ्या.

माझं मत ठाम आहे. घरकामाला सगळ्या मालासह एकरकमी कोटेशन देऊच नये, आणि घेऊही नये. मजुरी, पाइप आणि बॉक्स यांचं पक्कं कोटेशन करा. वायर आणि केबल वेगळ्या ओळीत लिहा : कंपनी, साइज, अंदाजे कॉइली, आजचा कॉइलचा दर आणि तारीख. त्याखाली एवढंच लिहा, "वायरचा दर खरेदीच्या दिवशीच्या दुकानाच्या बिलाप्रमाणे, फरक वाढला तर मालकाने द्यायचा, उतरला तर मालकाला मिळेल. बाकी दर आजपासून १५ दिवस." दोघांनी सह्या करायच्या. मालकाकडे पैसे असतील तर गिलावा सुरू होतानाच वायर त्याच्या नावाच्या बिलावर घेऊन टाकावी आणि कोरड्या जागी कुलपात ठेवावी.